ओहांचाची गोष्ट : गवत, गुरे आणि आटलेली नदी

जिल्हा मेळाव्याचा अंक काढायचा म्हटला की विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, कर्ज, वीज. हे प्रश्न सुटलेले नाहीत, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा मांडावे लागतात, आणि याही अंकाच्या आतल्या पानांत ते मांडलेले आहेतच. अग्रलेखाची जागा मात्र या वेळी आम्ही एका परक्या मुलुखातल्या लहानशा पालिकेला देत आहोत. तिचे नाव ओहांचा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात ती आहे.

कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याला हजारो किलोमीटरवरच्या गुराखी मुलुखाशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणीही विचारील. देणेघेणे आहे. एका मालावर सगळा संसार टांगला, त्या मालाचा भाव परक्या बाजारात पडला, कर्ज डोक्यावर राहिले, जमीन धुपली, पाणी आटले आणि माणसे गाव सोडून गेली. ही कहाणी आपल्याकडे कोणाला नवीन नाही. ओहांचात ती गुरांच्या बाबतीत घडली, एवढाच फरक. पुढे त्या लोकांनी काय केले आणि त्यांच्या सरकारने कोणता कायदा केला, ते आपल्या कामाचे आहे.

कुठला हा मुलूख?

कोस्टा रिका हा चिमुकला देश आहे. उत्तरेला निकाराग्वा, दक्षिणेला पनामा, एका अंगाला कॅरिबियन समुद्र आणि दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर. क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. या देशाने १९४८ साली आपले सैन्य मोडीत काढले, ते आजतागायत पुन्हा उभे केलेले नाही.

देशाच्या वायव्येला ग्वानाकास्ते प्रांत आहे. ग्वानाकास्ते हे मुळात एका मोठ्या छत्रीसारख्या झाडाचे नाव. आपल्या शिरीषाच्या कुळातले हे झाड, शेंगा माणसाच्या कानासारख्या वळलेल्या. हा प्रांत म्हणजे गुराख्यांचा मुलूख. मे ते नोव्हेंबर पाऊस आणि डिसेंबर ते एप्रिल कडकडीत कोरडे दिवस. पावसाळ्याच्या मध्यावर, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तिकडेही पाऊस दडी मारतो. त्या उघडिपीला ते लोक 'वेरानियो', म्हणजे लहान उन्हाळा, म्हणतात. खंड पडला की पेरलेल्याचे काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही आणि आपल्यालाही नाही. मात्र पावसाच्या आकड्यावर जाऊ नये. त्यांच्या डोंगरात आपल्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडतो. तरीही तिथली नदी उन्हाळ्यात आटली, हे पुढे येईलच.

या प्रांतातला निकोया द्वीपकल्प समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या डोंगराळ भागात ओहांचा वसले आहे. रुंद पान या अर्थाच्या दोन स्पॅनिश शब्दांवरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाच्या मधल्या पठारावरून जमिनीच्या शोधात आलेल्या शेतकरी कुटुंबांनी हे गाव वाढवले. २ नोव्हेंबर १९७१ रोजी निकोयापासून वेगळे होऊन त्याचा स्वतंत्र कँटन झाला. कँटन म्हणजे आपला तालुका समजा. क्षेत्र सुमारे २६१ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सात हजारांच्या थोडी वर. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी बाजाराच्या गावाएवढी माणसे एवढ्या मुलुखात विखुरलेली.

आपल्याकडे नगरपालिका म्हटले की शहर डोळ्यांपुढे येते. तिकडे तसे नाही. प्रत्येक कँटनला एक पालिका असते आणि शहर-खेडे सगळे तिच्याच पोटात येते. २००२ पासून पालिकेचा प्रमुख लोक थेट मतदानाने निवडतात. १९९५ च्या कायद्याने जमीन-घरांवरचा कर ठरवून गोळा करण्याचे काम पालिकांकडे आले. दर मालमत्तेच्या किमतीवर हजाराला अडीच. रक्कम फार मोठी होत नाही, पण ती आपल्या तिजोरीतली असते. मंत्रालयातून निधी सुटेल म्हणून डोळे लावून बसावे लागत नाही.

गवताचे राज्य

या मुलुखात हिंडणारी जनावरे पाहिली तर आपला शेतकरी चमकेल. वशिंड, लोंबती पोळी, लांब कान. ही जनावरे आपल्याच रक्ताची आहेत. अमेरिकेत 'ब्राह्मण' नावाची जी गोवंशाची जात तयार झाली, ती गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरे यांच्या मिश्रणातून. ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सोसण्याची ताकद त्यांच्यात होती, म्हणून उष्ण अमेरिकेने ती उचलली. कृष्णाखोऱ्याची ही जात आज तिच्या स्वतःच्या मुलुखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहे आणि तिचे रक्त मध्य अमेरिकेच्या कुरणांत चरते आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वस्त गोमांसाची मागणी वाढली. तयार खाण्याच्या दुकानांना गवतावर वाढलेल्या जनावरांचे कमी चरबीचे मांस हवे होते. दक्षिण अमेरिकेत लाळ्या-खुरकुताचा रोग होता, त्यामुळे तिथले ताजे किंवा गोठवलेले मांस अमेरिका घेत नसे. मध्य अमेरिका या रोगापासून मुक्त होती. १९५० च्या दशकात तिथून निर्यात सुरू झाली आणि पुढची वीस वर्षे ती वाढतच गेली. जागतिक बँक आणि आंतर-अमेरिकन विकास बँक यांनी गुरांसाठी कर्जे दिली. देशातल्या सरकारी बँकांनीही हात सैल सोडला. मका लावतो म्हणणाऱ्याला कर्ज मिळायला यातायात, गुरे घेतो म्हणणाऱ्याला लगेच मंजुरी.

जमिनीचा कायदाही तसाच होता. सरकारी रानात हक्क सांगायचा तर जमीन 'सुधारली' असे दाखवावे लागे आणि सुधारली म्हणजे झाडे तोडली. गरीब शेतकरी रान तोडून दोन-तीन वर्षे मका-घेवडा घेई. जमिनीचा कस उतरला की तिथे गवत लावी किंवा जमीन गुरेवाल्याला विकून पुढच्या रानात जाई. हे गवत आफ्रिकेतून आलेले, 'हारागुआ' नावाचे. पावसात पुरुषभर उंच वाढते आणि उन्हाळ्यात वाळून काड होते. मग ते पेटवून द्यायचे, की नवा फुटवा येतो. दर उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर जळत.

गवताला माणसे लागत नाहीत. जिथे दहा कुटुंबे मका आणि कॉफी करून जगत होती, तिथे शे-दोनशे गुरे आणि दोन गुराखी पुरू लागले. मांस परदेशी जात होते. याच काळात कोस्टा रिकात दरडोई मांस खाण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. निर्यातीचे आकडे वाढत होते, मंत्री खूष होते, आणि पिकवणाऱ्याच्या ताटातले कमी होत होते.

निर्यातीला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याचा माल जगाच्या बाजारात गेला पाहिजे, ही या चळवळीची भूमिका पहिल्यापासूनची आहे. प्रश्न निर्यातीचा नव्हता. सरकारने कर्ज, कायदा आणि सवलत यांचा सगळा भार एकाच पारड्यात टाकला, तिथे घोटाळा झाला. बाजार शेतकऱ्याला चार गोष्टी सांगतो. सरकार त्यातली एकच त्याच्या कानात ओरडून सांगते. मग शेतकऱ्याने चूक केली म्हणायचे, की ओरडणाऱ्याने?

भाव पडला, नदी आटली

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या सुरुवातीला मांसाचा बाजार बसला. अमेरिकेने आयातीवर कोटा ठेवलेलाच होता. १९७९ साली त्याचा कायदा बदलला. तिकडच्या गोपालकांना संरक्षण मिळाले आणि बाहेरच्या विक्रेत्याचा भरवसा गेला. त्यातच १९८१ साली कोस्टा रिका देशच परदेशी कर्जाचे हप्ते फेडू शकला नाही. चलन घसरले, व्याज चढले, औषधे आणि खुराक महागला. ज्यांनी गुरांवर कर्ज काढले होते, त्यांची गुरे विकूनही कर्ज फिटेना.

ओहांचात तोवर जमीन गवताची झालेली होती. परत पीक घ्यावे तर डोंगरउतारावरची माती वाहून गेलेली. माणसे निघाली. कोणी राजधानीत गेले, कोणी देशाच्या उत्तर-दक्षिण टोकांना नवी राने तोडायला गेले. घरेच्या घरे रिकामी झाली.

आणि पाणी गेले. गावाला पिण्याचे पाणी नोसारा नदीच्या खोऱ्यातून मिळे. पाऊस तेवढाच पडत होता, पण उन्हाळ्यात नदीचा प्रवाह सुकू लागला. हे कसे होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या माथ्यावरच्या बरड्यांनाही तोच नियम लागू आहे.

पाऊस जमिनीवर पडला की त्याचे काय होणार, हे पहिल्या वीतभर मातीत ठरते. मातीत पालापाचोळा, मुळ्या, गांडुळांची आणि वाळवीची बिळे असली तर पाणी आत शिरते, खाली झिरपते आणि महिनोन्महिने झऱ्याच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. उतारावर जनावरांची संख्या वाढली की खुरांनी माती दबते, तिची छिद्रे मिटतात. दरवर्षी गवत जाळले की पाचोळ्याचे आच्छादन जाते आणि उघड्या मातीवर थेंब आपटून वर पापुद्रा धरतो. मग तेवढ्याच पावसाचे पाणी आत न जाता उतारावरून पळते. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात ठणठणाट. पाऊस कमी झाला म्हणून आपण आभाळाकडे बोट दाखवतो. पुष्कळदा दोष पायाखालच्या वीतभर मातीत असतो.

झाडे आपल्याकडची, व्यवस्था त्यांची

१९७८ साली ओहांचात कँटनचे कृषी केंद्र उभे राहिले. तिकडच्या कायद्याने प्रत्येक कँटनमध्ये शेतकऱ्यांची अशी संस्था काढता येते. शेतकरी सभासद असतात, पालिका आणि सरकारी खाती सोबत बसतात. बहुतेक ठिकाणी ही केंद्रे खत-बियाण्याचे दुकान होऊन राहिली. ओहांचाच्या केंद्राने एक वेगळा विचार केला. गवत परवडत नाही, मका टिकत नाही, तर या उतारांवर लाकूड पिकवायचे.

त्यांनी निवडलेली झाडे वाचून आपल्याला मौज वाटेल. साग आणि शिवण. दोन्ही आपल्या रानातली. शिवण आठ-बारा वर्षांत कापायला येते, तिच्या फळ्यांना खोक्यांसाठी आणि माल चढवण्याच्या लाकडी चौकटींसाठी मागणी असते. साग वीस-पंचवीस वर्षे मागतो, पण पैसा देतो. त्यांच्याच मुलुखातला पोचोटे नावाचा काटेरी, आपल्या काटेसावरीच्या नात्यातला वृक्षही लावला गेला. उलट दिशेनेही देवाणघेवाण झालेली आहेच. आपण हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावतो ते गिरीपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. तिकडे ते कुंपणाचे जिवंत खांब म्हणून लावतात, फांद्या छाटून जनावरांना चारा करतात. आपण लावतो ते अमेरिकन कापसाचे वाणही मूळचे त्याच बाजूचे.

सरकारी मदतीचा प्रवास शिकण्यासारखा आहे. १९७९ साली झाडे लावणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळू लागली. पण लहान शेतकरी प्राप्तिकर भरतच नव्हता, म्हणून सूट गेली मोठ्या कंपन्यांकडे. १९८६ साली लागवडीच्या खर्चापोटी प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आली, तिचाही कल मोठ्यांकडेच राहिला. १९८८ साली लहान शेतकऱ्यांना त्यांच्या संस्थांमार्फत आगाऊ रक्कम देण्याची सोय झाली, तेव्हा कुठे पाच-दहा हेक्टरवाला शेतकरी हिशोबात आला. ओहांचाची संस्था आधीपासून उभी होती, रोपवाटिका आणि हिशोब तिच्याकडे होते, म्हणून तिला ही संधी घेता आली. जिथे संस्था नव्हती तिथे योजना आली आणि गेली. आपल्याकडे योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता. योजना येण्याआधी गावात उभी असलेली, हिशोब चोख ठेवणारी संस्था किती गावांत आहे, हे आपणच आपल्याला विचारावे.

झाडांबरोबर त्यांनी इतर धागेही धरून ठेवले. कॉफी पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था ओहांचात १९६० च्या दशकापासून आहे. गुरेही गेली नाहीत. कमी झाली, सपाट जमिनीवर आली, कुंपणाला झाडे आली. एका मालावरून दुसऱ्या एका मालावर उडी न मारता त्यांनी तीन-चार पायांवर उभे राहायचे ठरवले.

डोंगर विकत घेणारे गाव

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नोसाराच्या उगमाचा प्रश्न गावाने हाती घेतला. वरच्या खोऱ्यातली जमीन खाजगी होती, बहुतेक कुरणे. सरकारने ती ताब्यात घ्यावी म्हणून अर्ज-विनंत्या करत बसण्याऐवजी लोकांनी एक प्रतिष्ठान काढले, वर्गण्या आणि देणग्या गोळा केल्या आणि जमिनी मालकांकडून विकत घ्यायला सुरुवात केली. कोणाची जमीन हिसकावली नाही, कोणाला नोटीस पाठवली नाही. किंमत मोजली. पुढे सरकारने या टापूला संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता दिली. मोंते आल्तो, म्हणजे उंच डोंगर, हे त्याचे नाव. विस्तार सुमारे ९०० हेक्टर.

तिथे मोठा खर्च करून वृक्षारोपणाचे सोहळे करावे लागले नाहीत. आग थांबवली, गुरे थांबवली, आणि बहुतांश जंगल आपले आपण परत आले. पक्ष्यांनी बिया आणल्या, वाऱ्याने आणल्या, खोडांना फुटवे आले. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे खड्डे, रोपे, खताचे डोस यांचा हिशोब लगेच मांडतो. या ठिकाणी सगळ्यात स्वस्त उपाय होता काही न करणे, पण तो राखण ठेवून करणे. आपल्या गायरानांवर रोपांचे आकडे दरवर्षी लागतात आणि दरवर्षी वाळतात. राखणीवर मात्र कोणी खर्च करत नाही.

एक खुलासा केला पाहिजे. झाडे लावली की पाणी वाढते, असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही. झाडही पाणी पिते, आणि वाढते झाड जास्त पिते. जंगलाचा फायदा असा की पाणी मुरते आणि उन्हाळ्यात हळूहळू सुटते. सागाच्या नुसत्या रांगा लावल्या, खालचा पाला जाळला किंवा झाडून नेला, तर सागाच्या रुंद पानावरून पडणारा मोठा थेंब उघडी माती उखडतो आणि धूप उलट वाढते. लाकडासाठी साग आणि पाण्यासाठी मिश्र रान, हे दोन वेगळे हिशोब आहेत. ते एकत्र करू नयेत.

पाण्याचे मोल कोणी द्यायचे?

१९९६ साली कोस्टा रिकाने नवा वन कायदा केला. त्यात दोन गोष्टी आमच्या मते महत्त्वाच्या आहेत.

पहिली. जंगल राखणारा शेतकरी चार सेवा देतो, असे कायद्याने मान्य केले: हवेतला कर्ब धरून ठेवणे, पाणी राखणे, जीवजाती राखणे आणि निसर्गाचे सौंदर्य. सेवा दिली की मोबदला आला. पेट्रोल-डिझेलवरच्या कराचा एक हिस्सा त्यासाठी बाजूला काढला आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्या, झाडे लावणाऱ्या जमीनमालकांशी हेक्टरी कराराने रक्कम देणे सुरू झाले. गाडी उडवणाऱ्याने धूर केला, त्याने रान राखणाऱ्याला पैसे द्यायचे. याला दान म्हणत नाहीत, अनुदान म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. आपल्याकडे पर्यावरणाचा प्रश्न निघाला की सगळी बंधने शेतकऱ्याच्या डोक्यावर येतात: हे तोडू नका, ते जाळू नका, इथे खणू नका. तुमच्या रानामुळे आमच्या धरणात पाणी आले, त्याचे हे पैसे घ्या, असे शहराने आपल्याला आजवर म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. त्या कायद्याने नैसर्गिक जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी घातली. पण शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या झाडांना, मग ते मळ्यात असो, पिकात असो किंवा एकटे बांधावर असो, तोडणे, वाहतूक करणे, कारखान्यात कापणे किंवा परदेशी पाठवणे यासाठी परवाना लागत नाही, असे स्पष्ट लिहिले. माल कुठून आला याचा दाखला सोबत ठेवला की झाले. लावलेले झाड म्हणजे पीक, अशी सरळ समजूत.

आता आपल्याकडे पहा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि साग त्या यादीत आहे. स्वतःच्या सातबाऱ्यावरचे, आजोबाने लावलेले सागाचे झाड विकायचे तर अर्ज, हद्दीची मोजणी, पंचनामा, हातोड्याचा शिक्का, वाहतुकीचा पास, आणि प्रत्येक टेबलावर एक थांबा. मुलीच्या लग्नाला लागणारा पैसा लग्न होऊन नातवंड आल्यावर मिळतो. म्हणून शेतकरी उभे झाड ठेकेदाराला मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो.

आणि गंमत अशी की कोस्टा रिकातल्या सागाचा मोठा गिऱ्हाईक कोण? आपला भारत. मध्य अमेरिकेतले सागाचे ओंडके जहाजाने भारताच्या बंदरांत उतरतात. ज्या झाडाचे बी इकडून तिकडे गेले, त्याचे लाकूड अर्धी पृथ्वी ओलांडून आपल्या सुताराच्या रंध्याखाली येते, आणि ज्या मुलुखात साग तणासारखा उगवतो, त्या विदर्भातला शेतकरी बांधावर साग येऊ देत नाही, कारण आला तर तो त्याचा राहत नाही. जंगल वाचवायला केलेल्या कायद्याने शेतातले जंगल उगवण्याआधीच मारले.

तिथेही सगळे आलबेल नाही

ओहांचाचे चित्र रंगवून सांगायचा आमचा हेतू नाही. दाट लावलेल्या सागाची चौथ्या-पाचव्या वर्षी विरळणी करावी लागते. त्या बारीक लाकडाला गिऱ्हाईक नसले तर शेतकरी विरळणी टाळतो आणि पुढे त्याच्या हाती वासेच लागतात. ओंडके कच्चेच निर्यात झाले की कापणी-घडणीचा नफा दुसरीकडे जातो. तो नफा आपल्या कापसाच्या गाठींबरोबर पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातो आहे, हे काही निराळे सांगायला नको.

कॉफीचा जागतिक करार १९८९ साली मोडला आणि २००१ च्या सुमारास भाव तळाला गेले. पुढे तांबेऱ्याची साथ आली. २०१४-१५ च्या एल निनोने ग्वानाकास्तेत कडक दुष्काळ पाडला. सुरुवातीला मोबदल्याच्या करारासाठी जमिनीचा पक्का उतारा लागे, त्यात लहान आणि कच्च्या कागदाचे शेतकरी मागे राहिले. समुद्राकाठच्या पट्ट्यात पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढले. आणि तरुण मुले शहराकडे जाणे तिथेही थांबलेले नाही.

म्हणून कोणी उठून आपल्याकडे उद्या सगळीकडे साग लावा असे म्हणेल, तर आमचा त्याला पाठिंबा नाही. आपला पाऊस वेगळा, जमीन वेगळी, धारण क्षेत्र लहान. दोन-तीन एकरवाल्याला वीस वर्षे थांबायला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. भारी काळ्या जमिनीत, जिथे पाणी साचते तिथे, साग नीट येतही नाही. तो बांधावर, नाल्याकाठी, मुरमाड हलक्या उतारावर बसतो. घ्यायची ती त्यांची झाडे नव्हेत, त्यांनी घातलेली घडी.

आपल्या घडीची अवस्था काय आहे? ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा गेला म्हणून जनावर गेले, जनावर गेले म्हणून शेणखत गेले, शेणखत गेले म्हणून मातीतला सेंद्रिय अंश उतरला आणि पावसाचा पंधरा दिवसांचा खंडही पिकाला सोसेना. ओहांचात गुरे वाढून माती मेली, आपल्याकडे गुरे संपून मरते आहे. दोन्हीकडे कारण एकच: भाव आणि धोरण यांनी शेतकऱ्याला एका पायावर उभे केले. शेजारच्या निकाराग्वात तर कापसाचाच सुकाळ झाला होता. तिथे १९६० च्या दशकात एका हंगामात वीसहून अधिक फवारण्या होऊ लागल्या, किडी औषधाला जुमानेनाशा झाल्या आणि नफा औषधवाल्याच्या दुकानात गेला. ही वाट कुठे जाते, ते यवतमाळच्या माणसाला विचारायला नको.

मेळाव्यापुढचे प्रश्न

या मेळाव्यात भाषणे होतील, ठराव होतील. त्यांच्याबरोबर तीन गोष्टींवर तालुकावार बसून चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे.

एक. शेतकऱ्याने लावलेले किंवा त्याच्या सातबाऱ्यावर वाढलेले झाड हे त्याचे पीक आहे, ते तोडायला आणि विकायला परवाना नको, उगमाचा दाखला ग्रामपंचायतीने द्यावा, ही मागणी ठरावात घ्यायची की नाही? राखीव जंगलाचा कायदा राहू द्या. आपण आपल्या बांधाबद्दल बोलत आहोत.

दोन. आपल्या गावच्या नाल्याचा उगम कोणाच्या जमिनीत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? गायरान असेल तर राखण कोण करणार आणि चराईचे दिवस कोण ठरवणार? खाजगी असेल तर त्या शेतकऱ्याला जमीन पड ठेवल्याबद्दल खालच्या विहीरवाल्यांनी काय द्यायचे? जबरदस्ती नको, फुकटेपणाही नको. ओलिताच्या दहा विहिरींनी वर्षाला थोडी थोडी रक्कम काढली तरी वरच्या माणसाचे नुकसान भरून निघते. आणि ज्या शहरांची धरणे आपल्या उतारांवरून भरतात, त्यांच्याकडे मोबदल्याची मागणी करायची तर आधी गावात ही रीत घालून दाखवावी लागेल.

तीन. ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा किती आणि वरून येणारा किती? १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आहे. घरपट्टी-पाणीपट्टी थकवायची आणि मग निधीसाठी आमदाराच्या दारात उभे राहायचे, यात स्वायत्तता कुठली? सात हजारांच्या ओहांचाने डोंगर विकत घेतला, तो कोणा मंत्र्याच्या घोषणेवर नव्हे. आधी आपल्या खिशात हात घातला आणि मग सरकारला मान्यता द्यायला लावली.

भावाची लढाई चालूच राहील. पिकवलेल्या मालाला दाम मिळाल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला झाड राखायला सांगणे हा अन्याय आहे. पण दाम मिळेल त्या दिवशी माती आणि पाणी शिल्लक असले पाहिजे, आणि मिळालेला पैसा गावात मुरायला संस्था उभी असली पाहिजे. पावसाचे जे, तेच पैशाचे. मुरायला जागा नसली की आला तसा वाहून जातो.

या तीन प्रश्नांवर प्रत्येक तालुक्याने आपले म्हणणे लिहून मेळाव्याच्या व्यासपीठाकडे द्यावे. पुढच्या अंकात ते जसेच्या तसे छापले जाईल.